फळ्यावरचं जग आणि बजाजनगर

दुष्काळाच्या त्या वर्षांत बजाजनगरात खोल्यांवर खोल्या चढत होत्या आणि टँकरचा हॉर्न वाजला की माझा कॉम्प्युटर क्लास रिकामा होत होता. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. वाळूजच्या कारखान्यांत काम मिळेल म्हणून गावोगावची माणसं येत होती, आणि त्यांना शिकवायला मी एक गाळा भाड्यानं घेतला होता. सहा मशीन होती. सहाही मशीनवर मी हट्टानं विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टम टाकली होती.

हट्टाला कारण होतं. समोरचा दुकानदार विंडोजची एकच सीडी अख्ख्या वसाहतीला पुरवायचा; तसला चोरीचा माल मला नको होता. लिनक्स राजरोस फुकट. शिवाय माझा आतेभाऊ जर्मनीत होता. तिकडं काही सरकारी कचेऱ्यांतही लिनक्स आहे, अमेरिकेतल्या त्याच्या मित्रांच्या टेबलावर मॅक असतो, असं तो फोनवर सांगायचा. मी फळ्यावर जगाचा नकाशा काढून ते शिकवायचे. विंडोज म्हणजे सगळं जग नव्हे, हे ठणकावून सांगायचे. ते खरंच होतं, आजही आहे.

माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी देवगाव रंगारीची होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. विहीर आटली तशी नवरा आणि मुलीसह इथं खोली करून राहिलेली. नवऱ्याला रोज काम मिळत नव्हतं. तिला ऑफिसात टायपिंगची नोकरी लागली तरच इथं राहणं जमणार होतं. नाहीतर मुलीची शाळा सोडवून परत गावी. तीही सगळ्यांसारखी प्रत्येक पायरी वहीत उतरवून पाठ करायची. वरचा डावा कोपरा, दुसरी ओळ, तिसरं चित्र. पाढे म्हणावेत तशी धडाधड म्हणून दाखवायची आणि मी लाल पेनानं 'छान' लिहायचे.

एका कारखान्याच्या ऑफिसात पहिल्या मुलाखतीला मी तिला बिनधास्त पाठवलं. तासाभरात ती परत आली.

"मॅडम, तिथं येगळंच व्हतं. वरच्या कोपऱ्यातलं चित्र दाबलं तर कपाटावानी कायतरी उघडलं. मंग मला कायच सुचंना."

"विंडोज असणार," मी फणकारले. "जुनाट लोक आहेत. जग कुठं चाललंय याचा पत्ता नाही त्यांना."

ती जराही चिडली नाही. "तुमचं बरोबर आसंल, मॅडम. पण मला नोकरी इथं करायचीय, जर्मनीत नाय."

मला अक्षरशः लाज वाटली. नकाशा माझा, फुशारकी माझी आणि पोट मात्र तिचं. त्याच आठवड्यात तीन मशीनसाठी विंडोज विकत आणलं. तेवढ्यावर भागणार नव्हतं, हेही मला कळलं होतं. पायऱ्या पाठ करून घेतल्या तर ती दुसऱ्या पायऱ्यांवर पुन्हा अडखळली असती. मग मी सगळ्यांच्या वह्या कपाटात घातल्या आणि रोज मशीन बदलून बसायला लावलं. आधी पाहा, मग हात लावा. चुकलं तर मागं या. आठ दिवस सगळे माझ्यावर करवादले, सगळ्यात जास्त तीच. "वहीबिगर कसं व्हायचं वं?" असं रोज विचारायची. मी बधले नाही.

महिन्याभरानं तिला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. त्या दिवशी शिकवण्यात माझं लक्षच नव्हतं. दुपारी ती दारात उभी राहिली, घामाघूम, आणि आत न येताच बोलायला लागली.

"सायबानं इचारलं, बाई, तुम्हाला कंची सिस्टम येती?"

"मग? काय सांगितलंत?"

"म्या म्हणलं, तुमच्याकडं हाय ती दाखवा. दोन मिनिटं नुसतं बघू द्या, मंग सांगा काय टाइप करायचं."

सोमवारपासून तिला कामावर बोलावलं होतं.