श्वासाचा रकाना

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. समुद्राबद्दल लिहिण्याइतका मी मोठा नाही, तेव्हा आधीच माफी मागतो.

स्कूबाच्या कोर्सला समुद्रात नेण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. 'लहानपणी श्वासाचा त्रास होता का?' एवढाच रकाना मी कोरा ठेवला होता. 'हो' लिहिलं, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय समुद्र बंद. आणि आमच्याकडे बऱ्या झालेल्या आजाराचं नाव घेत नाहीत. हाक मारल्यासारखा तो परत येतो म्हणतात. त्यामुळे मला असं काही झालं होतं का, हेच मला ठाऊक नव्हतं.

"'नाही' लिहू का, सर?" मी कोर्स शिकवणाऱ्या सरांना विचारलं.

"आईला विचार. मला फसवशील रे, पाण्याला कसा फसवणार?"

आईला निरोप धाडला आणि पोहण्याच्या तलावात सरावाला उतरलो. तळाशी गुडघे टेकून नळीतून श्वास घेत होतो. एरवी आपला श्वास आपल्याला ऐकू येत नाही. तिथे दुसरं काहीच ऐकू येत नाही. हळूहळू वाटू लागलं, की शेजारी कोणी बसलंय आणि माझ्या वाटचा श्वास घेतंय. श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. तरी मी क्षणभर रोखला. ती शांतता ओळखीची वाटली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"हो लिही," ती म्हणाली. "दीड वर्षाचा होतास. श्वास थांबला होता. तोंडात गंगाजळ घालून तुला जमिनीवर ठेवलं होतं, बाळा. बऱ्याच वेळानं रडलास."