पंचांपुढचे कोरडे द्रोण

तुळशीबाईच्या हातच्या मोहाच्या दारूचं नाव मोलगीच्या बाजारापर्यंत पोचलं होतं. फुलं किती दिवस भिजवायची, भट्टीखालचा जाळ कधी ओढून घ्यायचा, हे तिला आईनं शिकवलेलं. त्याच तुळशीबाईनं यंदा फुलं वेचली, वाळवली आणि सगळी बाजारात विकून टाकली. भट्टी लावलीच नाही. बाईला बाहेरचं काहीतरी लागलं, असं पाड्यात लोक बोलू लागले.

लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूनं भगत केला, कोंबडी दिली, शेवटी सुनेला नंदुरबारला तपासायला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला आण.

चैत्याला तिथवर न्यायला दोन महिने गेले. दारू पितोस का, असं नर्सनं विचारलं तर तो सरळ नाही म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. त्याच्या लेखी दारू म्हणजे दुकानातली बाटली. मोहाची तर देवाला चालते, तिला दारूत कोण धरतो? नर्स तसंच लिहू लागली, तेव्हा तुळशीबाईनं तिचा हात धरला आणि सांगितलं, रोज दोन लोटे लिहा, वर दीड बंडल बिडी लिहा.

तपासणी झाल्यावर ती तिथल्या तपासणाऱ्या माणसाच्या मागेच लागली, आणि भिंगाच्या यंत्रात तिनं स्वतः डोळा लावून पाहिलं. जिथं नुसती वळवळ दिसायला हवी, तिथं चार-दोन जीव, तेही दमलेले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की दारूनं आणि बिडीनं असं होऊ शकतं. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेवढे दिवस दोन्ही सोडून बघा. फरक पडेल, पडणारही नाही.

चैत्या बारा दिवस टिकला. मग शेजारच्या भट्टीवर जाऊ लागला. आईला त्यानं एवढंच सांगितलं, की डॉक्टरला काही समजत नाही. सासूनं धडगावकडची एक मुलगी हेरली आणि पंच बोलावले.

पाड्याची रीत अशी, की घरच्या सुनेनंच पंचांच्या द्रोणात दारू ओतायची. पंच प्यायले की निकाल पक्का. न पिता उठले तर त्या नुसत्या गप्पा.

म्हातारा बाज्या पंचांत मोठा. चैत्यानं दुसरी करावी, तुळशीबाईला कोणी घालवत नाही, तीही राहील, असं त्यानं सांगितलं आणि द्रोण पुढे केला.

तुळशीबाईनं सासूनं आणून ठेवलेलं मडकं उचललं. देवांच्या, पूर्वजांच्या नावानं जमिनीवर धार धरली. धार थांबेना. मडकं रिकामं झालं तशी तिनं ते पालथं घातलं.

“देवांचं देवांना दिलं. माणसांना मी ओतणार नाही.”

बाज्या हसला. “पोरी, पाड्यात काय एकच मडकं आहे?”

सासूनं लेकाला शेजारी पिटाळलं. चैत्या उठला.

“जा,” तुळशीबाई म्हणाली. “पण भिंगाखाली काय दिसलं ते पंचांना सांगून जा. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

चैत्या दारातच थबकला. मग जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला. बाज्यानं पुन्हा बोलायला लावलं.

“दोष माझ्यात आहे. दारू-बिडी सोड म्हणाले.”

“दारूनं?” बाज्या भडकला. “मी जन्मभर प्यालो. मला सात पोरं झाली.”

“झाली, बाबा,” तुळशीबाई म्हणाली. “पण तपासलं याला, तुम्हाला नाही.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाज्यानं द्रोण खाली ठेवला, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसू म्हणाला.

“बसा. तेव्हाही मी ओतणार नाही,” तुळशीबाई म्हणाली. “याचं सुधारलं तर मूल होईल, नाहीतर नाही होणार. पण याच्या दोषापायी या घरात दुसरी बाई येणार नाही.”

पंच एकेक करून उठले. तिनं द्रोण गोळा केले आणि शेळीपुढे टाकले.