एकशे ऐंशी बायका आणि चढता क्रम

माझ्या बायकोला पीएच.डी. मिळायला सात वर्षं लागली. त्यातली पाच तिची, दोन माझी.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. मी बोईसरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि वैशाली पालघरच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. तिच्या संशोधनाचा विषय होता मासळी सुकवणाऱ्या बायकांची गुडघेदुखी. सुट्टी आली की समुद्रकाठच्या मुरबे गावाला जायचं, बोंबील टांगणाऱ्या बायकांच्या मागे मागे फिरायचं आणि विचारायचं: वय किती, वजन किती, दिवसाचे किती तास उभ्या असता, दुखणं दहापैकी किती? अशा एकशे ऐंशी बायका! शेवटी हिचेच गुडघे धरले, पण स्वतःचा फॉर्म भरता येईना. (संशोधनात ते चालत नाही म्हणे.)

सगळी माहिती तिने एकटीने कॉम्प्युटरवर भरली. आता फक्त आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमधून ती काढायची होती. कॉलेजात त्याचं आठवडाभराचं प्रशिक्षण होतं, हिने नावही दिलं होतं. आणि नेमकं इथे मी तोंड उघडलं.

"प्रशिक्षण कशाला? कारखान्यात मी रोज हेच तर करतो!"

"खरंच येतं तुम्हाला?"

"अगं, डाव्या हातचा मळ!"

(कारखान्यात मी रोज करतो ते असं: एका चौकटीत आकडा टाकतो. चौकट हिरवी झाली तर टँकर सोडतो, लाल झाली तर साहेबांना फोन करतो.)

तिने प्रशिक्षणातून नाव काढून घेतलं. माझ्यावर विश्वास ठेवून! लग्नाला बारा वर्षं झालेली बाई, तिला एवढं कळायला हवं होतं.

रविवारी मी ऐटीत फाइल उघडली आणि माझं डोकंच फिरलं. वयं बघा: बासष्ट, एकोणीस, चव्वेचाळीस, तीस. काही ताळमेळ? असा गबाळा माल मी गेटबाहेर सोडत नाही. मी वयाचा रकाना निवडला आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावला. कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? मी ठणकावून 'नाही' दाबलं. एका वेळी एकच काम! मग वजनाचा रकाना लावला. मग उभं राहण्याचे तास, मग दुखणं, शेवटी नावं. प्रत्येक रकाना वेगळा आणि टापटीप. फाइल त्याच नावाने सेव्ह केली. दुपारी रद्दीवाला आला, त्याला फॉर्मांचे दोन्ही गठ्ठे देऊन टाकले. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये होतंच की!

मग सॉफ्टवेअरचं बटण दाबलं. तास आणि दुखणं यांचा संबंध आला शून्य पूर्णांक नव्याण्णव! (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे अगदी पक्का.) वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जिलबी आणली.

तिच्या मार्गदर्शक मॅडमना निकाल दाखवायला मीही सोबत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण कौतुक व्हायचं तर समोर असलेलं बरं.

मॅडमनी चष्मा वर केला. "वैशाली, इतक्या शिस्तीच्या बायका मी जन्मात पाहिल्या नाहीत. वय वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की तास वाढतात. एकही बाई रांग मोडत नाही! ही शेवटची हिरा कोण? वय एक्याऐंशी, वजन चौऱ्याण्णव, आणि रोज सोळा तास उभी?"

"हिरा?" वैशाली गडबडली. "मॅडम, हिरा तेवीस वर्षांची आहे. काडीसारखी आहे."

"आणि ही पहिली अनसूया? वय अठरा?"

"ती आजी आहे, मॅडम. पणतवंडं आहेत तिला."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "रकाने वेगवेगळे लावले का कुणी?"

"मीच!" मी छाती काढून म्हणालो. (मला वाटलं, हे कौतुकच.)

"म्हणजे हिचं वय, तिचं वजन आणि तिसरीचं दुखणं! आता यात एकही बाई खरी नाही. मूळ फॉर्म आहेत ना?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडा खायची मला सवय आहे. रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "येत नव्हतं, तर येत नाही म्हणायचं होतं." मग दीड महिना घरात फक्त मिक्सर बोलला.

तेवढ्यात मॅडम निवृत्त झाल्या. नव्या सरांनी सांगितलं, माहिती पुन्हा गोळा करा. ती पुन्हा मुरब्याला निघाली आणि मी पिशवी धरायला मागून.

"बाय, परत आली? तुला सगला सांगलेला ना?" एका मावशीने विचारलं.

"सांगितलेलं, मावशी. हरवलं."

"कोनी हरवला?"

वैशालीने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मावशीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "यो नवरा हाय तुजा? मंग आमी काय बोलनार!" आणि बोंबलांची पाटी माझ्या हातात दिली. "उबा हाय तवर टांग."

अनसूया आजी मधल्या काळात गेल्या होत्या. वैशाली त्यांच्या बंद दाराशी बराच वेळ थांबली. आजींनी सांगितलेला दुखण्याचा आकडा तिला पाठ होता. पण आठवणीतला आकडा फॉर्मवर लिहायचा नसतो. तिने लिहिला नाही. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दुसरं काय करणार?

या वेळी तिने प्रशिक्षण घेतलं आणि सॉफ्टवेअर स्वतः चालवलं. संबंध निघाला, पण अगदी बेताचा.

"एवढासाच?" मी म्हणालो.

"एवढासाच. पण खऱ्या बायकांचा आहे."

प्रबंध छापून आला तेव्हा मी आधी ऋणनिर्देश उघडला. त्यात मुरब्याच्या बायका होत्या, मॅडम होत्या, नवे सर होते, अगदी स्टेशनवरचा रिक्षावालाही होता. माझं नाव नव्हतं. मन खट्टू झालं. पण प्रबंधात मी आहे बरं का! 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात, पहिल्या क्रमांकावर.