काकांची शेवटची चौकट

दिगंबरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो. त्यांच्या फाइलमधली एक चौकट माझ्या कॉम्प्युटरवर पुन्हा अडली होती आणि त्यांनाच विचारायला मी मोबाइल हातात घेतला होता...

माझ्या कुंडम गावाहून शिकायला जबलपूरला आलो तेव्हा वडिलांच्या ओळखीने त्यांनी मला आपल्या घरात ठेवून घेतलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटर मला काकांनीच शिकवला. पुढे मी जबलपुरातच रिछाईच्या एका गियरच्या कारखान्यात लागलो, आणि निवृत्तीनंतर काका आमच्या भट्टीचं गणित करून देऊ लागले. गियर कडक व्हायला किती तापवायचे, हे सगळं त्यांनी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मांडलं होतं. मराठीत खुलासा आणि मध्येमध्ये प्रोग्रामच्या चौकटी. चौकटीवर कर्सर नेऊन दोन कळा दाबल्या की खाली उत्तर उमटायचं. मागे इंटरप्रिटर, म्हणजे चौकटी चालवणारा प्रोग्राम, सतत चालू असायचा आणि नावं देऊन आधी सांगितलेल्या सगळ्या किमती लक्षात ठेवायचा.

घोळ तिथेच होता. काका चौकटी मनाला येईल त्या क्रमाने चालवत. एखादी किंमत थेट इंटरप्रिटरलाच सांगत, फाइलमध्ये लिहीतच नसत. मी तीच फाइल कोऱ्या सुरुवातीपासून चालवली की एकच उत्तर: ‘हे नाव माहीत नाही.’

"माझ्याकडे तर चालून राहिलं," ते म्हणत.

"काका, तुमचा इंटरप्रिटर दिवाळीपासून बंदच झाला नाही. एकदा बंद करून पाहा ना."

"काहून बंद करू? त्याला सगळं याद आहे."

"अन् मला?"

"तू विचार ना मला. फोन काय फक्त रील पाहायला आहे का?"



तेरवीला गेलो ते एकच मनात धरून. काकांच्या कॉम्प्युटरवर तो इंटरप्रिटर चालू असेपर्यंत त्याला लक्षात असलेलं सगळं फाइलमध्ये उतरवून घ्यायचं, नाहीतर भट्टीचं गणित पुन्हा मुळापासून. खोलीत पाहुणे होते आणि स्क्रीन काळा.

"कूलर लगाना था, भैया, तो प्लग निकाल दिया," काकूंचा भाचा म्हणाला. "वैसे भी कोई चला नहीं रहा था."

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. राग काकांचाच येत होता.

पुढचे कित्येक आठवडे मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत मी एकेक चौकट सुरू केली. शेवटची काही होत नाही. तिला एक दुरुस्ती लागते, म्हणजे उत्तर जुळवून घेणारा एक आकडा; ती काकांनी भट्टीजवळ उभं राहून ठरवली असणार. ती कुठेच लिहिलेली नाही. त्यांनी काढलेलं उत्तर मात्र चौकटीखाली तसंच आहे. त्या तापमानावर नमुन्याचे गियर तापवून पाहिले, कडकपणा नेमका आला. सध्या भट्टी त्यावरच चालते. उद्या गियरची जाडी बदलली तर कुणाला विचारायचं, हे मला माहीत नाही.

काकूंनी कॉम्प्युटर मला देऊन टाकला. अधूनमधून त्या चौकटीवर कर्सर नेतो. आता चालवली तर काकांचं उत्तर पुसलं जाईल आणि त्या जागी ‘हे नाव माहीत नाही’ उमटेल. फाइलची प्रत काढून ठेवली आहे, तरी कळा दाबवत नाहीत.