पंधरा पौंडांवरचा काटा

दाबकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. डिझेल गाड्यांचे पंप दुरुस्त करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, आणि त्या एकतीस वर्षांत दुकानात आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला : "दाब किती?" गाडी धूर सोडते म्हणा, चढावर मरते म्हणा, डिझेल फार पिते म्हणा, काकांचं आपलं तेच. ड्रायव्हरला दाब माहीत नसायचाच. मग काका कपाळावर हात मारायचे, त्या माणसाची यथेच्छ अक्कल काढायचे आणि गेज लावायला घ्यायचे. लोक मुकाट ऐकून घेत, कारण काकांच्या हाताखालून गेलेली गाडी वर्षभर कुरकुरत नसे.

आणि अशा माणसाला जावई मिळाला तो कसा, तर ट्रक मॉडिफाय करायचं खूळ असलेला!

खूळ म्हणजे साधंसुधं नाही. चांगला चालता जुना ट्रक घेतला आणि त्याचे डिझेल फवारणारे नोझल काढून मोठे बसवले. टर्बो बदलला. टाकीजवळ डिझेल इंजिनाकडे ढकलणारा, विजेवर चालणारा फीड पंप लावला. हे सगळं तोलून धरायला इंजिनाच्या बाजूला स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून एक लोखंडी पट्टी ठोकली, तीही तिरकी. सगळं फोनवर बघून. सासरा पंपवाला, राहायला सासऱ्याच्याच दुकानावरच्या दोन खोल्यांत, आणि सल्ला विचारला कुणाला, तर फोनला.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करता काय, जावई पडला. दुसरा कुणी असता तर त्याला त्याच पट्टीने बडवला असता. याला मात्र "अहो जावईबापू" म्हणायचं, खुर्ची द्यायची आणि दातओठ खायचे. म्हणून काकांनी एक युक्ती काढली. जावई दुकानात आला की ते बाकावर खोलून ठेवलेल्या पंपाशी बोलायला लागायचे.

"तुला कंपनीने मापात बनवला रे बाबा," ते पंपाला म्हणायचे. "पण कंपनीतले ते सगळे येडपट. खरे इंजिनिअर आमच्या माडीवर राहतात."

जावई मागे उभा राहून ऐकायचा. "हो मामा," एवढंच म्हणायचा. त्या "हो मामा"ने तर काका आणखी भडकायचे. एकदा तरी उलटून बोल की लेका!

पण हा ट्रक चालणं आता काकांनाच हवं होतं, आणि त्याचं कारण घरात होतं. गावाबाहेर दगडाची खाण होती. दगड खाली खड्ड्यात निघायचा, आणि खडी फोडायचं मशीन होतं वर टेकडीवर. मध्ये पाच वळणांचा छातीवर येणारा चढ. खाणीच्या मुकादमाने जावयाला सांगून ठेवलं होतं, भरलेली गाडी न थांबता वर आणून दाखव, कायमचं काम देतो. गुरुवार ठरला होता. आणि जमलं नाही तर? तर जावयाच्या थोरल्या भावाने दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका शहरात त्याच्यासाठी गोदामातली नोकरी बघून ठेवली होती. मग लेक जाणार, चार वर्षांची नात जाणार. रोज सकाळी नात जिन्यावरून बसत बसत, एकेक पायरी घसरत खाली यायची आणि "आजोबा, दाब किती?" म्हणून विचारायची. काका म्हणायचे, "पंधरा पौंड." ती समाधानाने वर जायची. हे सगळं बंद होणार या विचाराने काकांना घास गिळवत नव्हता, पण तसं ते कुणाला सांगतील तर शपथ.

म्हणून त्यांनी स्वतःच त्या ट्रकमध्ये हात घातला. फीड पंपाचा दाब नीट बसवला, स्क्रू पंधरा पौंडांवर आणला, केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर गेज लावलं. गेजची नळी इंजिनाशी जिथे जोडायची तिथे नेमकी जावयाची ती तिरकी पट्टी आडवी येत होती. पट्टी सोडवायची म्हणजे चार बोल्ट, त्यातले दोन गंजलेले. "ही असली कलाकुसर मी सोडवत बसणार नाही," असं काका पंपाला ऐकवून मोकळे झाले आणि हात पोचला तिथे, वीतभर अलीकडे भोक पाडून नळी जोडून टाकली.

दुसऱ्या दिवसापासून जावई खाणीच्या चढावर भरल्या गाडीने सराव करायला लागला, आणि दुसऱ्या दिवसापासूनच गाडी तिसऱ्या वळणावर धापा टाकायला लागली.

"काटा किती होता?" काकांनी विचारलं.

"पंधरा."

"पडला?"

"नाही मामा, जरासुद्धा हलला नाही. पण गाडीला डिझेल मिळत नाही असं वाटतं. मामा, फिल्टर बदलून बघू का?"

"काटा पंधरावर आहे ना? मग फिल्टरला काय धाड भरलीय? नसती उठाठेव करू नका."

"हो मामा."

असं आठ दिवस चाललं. गाडी तिसऱ्या वळणावर दम तोडायची, काटा पंधरावर आणि जावई "हो मामा"वर. गेज खोटं बोलत नाही, हे काका एकतीस वर्षं लोकांना बजावत आले होते. मग घोडं अडतंय कुठे? पंप ठीक, दाब ठीक, इंजिन ठीक. राहिला चालवणारा.

सोमवारी सकाळी दुकानासमोर तीन ड्रायव्हर चहा पीत बसलेले असताना जावई पुन्हा त्याच तक्रारीने आला, आणि काकांचा तोल गेला. या वेळी ते पंपाशी बोलले नाहीत.

"जावईबापू, गाडीत काही दोष नाही. तुम्हाला गाडी चालवता येत नाही. गियर कधी टाकावा हे ज्याला कळत नाही त्याने ट्रकच्या नादी लागू नये. चारचौघांसारखी नोकरी धरावी."

ड्रायव्हर कपात बघायला लागले. जिन्यावर लेक धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती, ती तशीच परत वर गेली. जावई त्या दिवशी "हो मामा" म्हणाला नाही. चहावाल्याचे पैसे देऊन निघून गेला. काकूंनी दुपारी ताट वाढताना विचारलं, "झालं समाधान?" काका आमटी जास्तच गरम आहे म्हणून कुरकुरले.

गुरुवार उजाडला. गाडी कशी चालवतात ते दाखवायला काका आपणहून जावयाशेजारच्या सीटवर चढून बसले. मुकादम वर मशीनपाशी थांबला होता, दुपारपर्यंत कधीही या म्हणाला होता. खड्ड्यातून दगड भरून गाडी निघाली.

काका गेजकडे बघत नव्हते. ते जावयाच्या पायाकडे बघत होते, चूक पकडायला. पहिलं वळण गेलं. गियर वेळेवर पडला. दुसरं गेलं. क्लच असा सुटला की सीटला धक्का म्हणून बसला नाही. काकांना उगाच राग आला. तिसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज बसला, गाडी आचके द्यायला लागली, आणि जावयाने ठीक त्याच क्षणी गियर खाली घेतला, ज्या क्षणी काकांनी घेतला असता. तरीही गाडी थांबली. जावयाने ब्रेक लावला, उतरून मागच्या चाकांना दगड लावले आणि परत येऊन बसला.

आता काकांनी वर बघितलं. काटा पंधरावर होता.

इंजिन डिझेलवाचून तडफडलं आणि काटा केसाएवढाही हलला नाही? भरलेली गाडी चढावर असताना इंजिन डिझेल ओढतं तेव्हा काटा थोडा तरी खाली यायलाच हवा. पडणारा काटा काकांनी हजारदा पाहिला होता. न पडणारा काटा असतो तो एकाच जागी. टाकीतून येणारं डिझेल फिल्टरमधून गाळून मग इंजिनावरच्या मोठ्या पंपात जातं. गेज लावायचं असतं फिल्टरच्या पुढे, म्हणजे पंपापर्यंत खरोखर किती पोचतंय ते कळतं. फिल्टरच्या अलीकडे लावलं तर फिल्टर गच्च तुंबला तरी काटा आपला मजेत उभा. हे काकांनी आजवर शंभर जणांना शिव्या देऊन शिकवलं होतं. आणि त्या दिवशी, त्या पट्टीच्या रागात, त्यांनी स्वतः नळी कुठे जोडली होती? वीतभर अलीकडे.

"गाडी खाली घ्या," काका एवढंच म्हणाले.

जावयाने चाकांचे दगड काढले आणि भरलेला ट्रक दोन वळणं उलटा उतरवला, आरशात बघून, एकदाही न अडखळता. काकांना स्वतःला हे वयाच्या पंचविशीतही जमलं नसतं. खाली आल्यावर त्यांनी पाना घेतला आणि पट्टीचे चारही बोल्ट सोडवले. गंजलेल्या दोघांनी बोटं सोलली. जुनं भोक बुजवून नळी फिल्टरच्या पुढे जोडली, गाडी सुरू केली आणि जावयाला रेस करायला सांगितलं.

"काटा किती?"

"चार," जावई आतून म्हणाला.

"नवा फिल्टर आणायला पाहिजे दुकानातून."

जावयाने सीटखाली हात घालून नवाकोरा फिल्टर काढला. "आठ दिवस इथेच आहे, मामा. तुम्ही नको म्हणालात."

काकांनी तो हातात घेतला, पण जावयाच्या तोंडाकडे त्यांना बघवलं नाही. जुना फिल्टर काढला तर आत टाकीतला काळा गाळ, चिखलच म्हणा ना. मोठे नोझल दुप्पट डिझेल ओढणार, तर गाळही दुप्पट येणार. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं! नवा बसवला, नळीत शिरलेली हवा काढली. काटा तेरावर आला. स्क्रू घट्ट धरणारा चेकनट सैल करून स्क्रू पाव आटा आत घेतला, पंधरा. जावयाने रेस केली की बारा, सोडली की परत पंधरा. काटा आता नीट बोलत होता.

या वेळी गाडी पाचही वळणं न थांबता चढली. काकांचा जीव भांड्यात पडला. मुकादम पुढे आला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "पसंत आहे. कागद उद्या करू." मग हात पुढे केला. जावयाने खिशातून गाडीची जादा किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"हे काय?" काका म्हणाले.

"गाडी यांनी विकत घेतली, मामा. चढून दाखवली तर घेणार होते. ड्रायव्हर त्यांचा ते ठेवतील. मंगळवारी मी दादाला गोदामासाठी होकार कळवला. त्याने माझ्या वतीने शब्द दिलाय."

"अहो, पण हे काम तुमचं होतं! गाडी चढली ना?"

"सोमवारी चढत नव्हती. काटा बरोबर होता आणि तुम्हीही तेच म्हणत होतात. एकतीस वर्षांत तुमचं चुकलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे."

मशीन धडधडत होतं, खडीची धूळ उडत होती आणि रिकाम्या झालेल्या गाड्यांचे पाच-सहा ड्रायव्हर आजूबाजूला उभे होते. त्यातले निम्मे काकांची गिऱ्हाइकं. काकांनी मुकादमाचा दंड धरला आणि त्याला बॉनेटपाशी ओढलं.

"हे बुजवलेलं भोक बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. "हे मी पाडलं. गेज मी चुकीच्या जागी लावलं, फिल्टरच्या अलीकडे. हा माणूस आठ दिवस फिल्टर बदलू द्या म्हणत होता आणि मी त्याला गाढवात काढत होतो. गाढव मी आहे. असा ड्रायव्हर तुम्हाला मिळायचा नाही, सांगून ठेवतो."

जावयाने खाली बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मला येतं चालवायला," तो हळूच म्हणाला, जणू स्वतःलाच सांगत होता. पण किल्ली त्याने परत मागितली नाही. दिलेला शब्द फिरवणाऱ्यातला तो नव्हताच.

दोघं दुसऱ्या एका गाडीतून परतले. घरी आल्यावर ते धुळीच्या पायांनी तसेच माडीवर गेले. लेक खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होती. जमिनीवर उघड्या पेटीत नात बसली होती. तिला तिथून उठवायला कुणी तयार नव्हतं.

"चूक माझी होती," काका दारातूनच म्हणाले. "खाणीवर सगळ्यांसमोर सांगून आलोय. ते घाईने होकार देऊन बसले, नाहीतर—"

"घाई त्यांनी नाही केली, बाबा." लेकीने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला. "ते तर म्हणत होते, मामा रागावतात, पण शिकायला मिळतं. हो म्हणा असं मी सांगितलं. सोमवारी जिन्यात उभी होते ना मी. माझ्या नवऱ्याला रोज असं लहान होताना मला बघवेना."

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. सोललेली बोटं आता झोंबायला लागली होती.

"सगळ्यांसमोर सांगितलंत?" लेकीने विचारलं.

"सगळ्यांसमोर."

तिने सदरा नीट दुमडून नातीशेजारी पेटीत ठेवला. "मग सुट्टीला येऊ आम्ही," ती म्हणाली. "तेही नाही असं ठरवलं होतं मी."