नानांची बोलती पाटी

गेल्या गुरुवारी जळगावहून धुळ्याला गेलो होतो, नानांची पाटी द्यायला. काम झालं, पण मन अजून तिथेच आहे… म्हणून लिहितोय.

नाना आमच्या अमळनेरकडच्या गावातले शेजारी. एसटीत ड्रायव्हर होते. लकवा मारला तेव्हा वाचा गेली, उजवी बाजू गेली, नजरही अर्धी गेली. आता ते धुळ्याला मुलाकडे, सुरेशकडे असतात.

लकव्यानंतर मी त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्राम केला होता. टच स्क्रीनवर मोठे चौकोन… पाणी, चहा, पंखा, कूस बदला. चौकोन दाबला की आवाज येतो. आवाज अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आणि बोली आपली अहिराणी. रेकॉर्डिंग झाल्यावर अक्का म्हणाल्या होत्या, "जिंदगीभर मनं आयकं नही, आते मनाच आवाजमा बोलतस!" म्हणजे जन्मभर माझं ऐकलं नाही, आता माझ्याच आवाजात बोलतात. घरात सगळे त्याला पाटी म्हणतात.

यंदा तो कॉम्प्युटर बंद पडला. सुरेशने नवा घेतला, त्यावर पाटी चालेना. त्याने मोबाईलवर बोलणारं एक अ‍ॅप घालून दिलं. त्यातली बाई बातम्या सांगितल्यासारखं "कृपया मला पाणी द्या" म्हणायची. नानांनी तो मोबाईल पालथा करून ठेवला.

स्क्रीनवर खिडक्या, बटणं काढायला मी जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरली होती, तिच्यावर लिहिलेला प्रोग्राम विंडोजवरही चालतो आणि लिनक्सवरही. पण तिची नवी आवृत्ती आली की जुन्या काही गोष्टी काढून टाकतात. तिच्या सेटअप फाईलमध्ये एक ओळ असते… जुन्या प्रोग्रामना सांभाळून घ्यायचं की नाही. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो. आधीपासून शून्यच लिहिलेलं असतं.

मी शून्याचा एक केला आणि सगळी लायब्ररी पुन्हा बिल्ड केली, म्हणजे नव्याने बांधून घेतली. तरी एररची रांग लागली. मग कळलं, ती आवृत्त्यांच्या मागच्या दोनच पिढ्या सांभाळते. श्राद्धात आपण निदान तीन पिढ्यांची नावं घेतो… माझा प्रोग्राम त्याही पलीकडचा होता. आधी मधल्या आवृत्तीवर आणला, दुरुस्त केला, मग नवीवर. शेवटी पाटी बोलली तेव्हा देवापुढे साखर ठेवली.

धुळ्यात त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. नव्या स्क्रीनवर पाटी सुरू केली आणि नानांसमोर ठेवली. त्यांचा डावा हात लगेच उठला. बोट टेकलं, आणि अक्कांचा आवाज आला, "पंखा बंद कर."

सूनबाईंनी पंखा बंद केला. नानांनी मान हलवली, पुन्हा दाबलं… "पंखा बंद कर." पुन्हा तेच. कपाळावरून घाम वाहत होता, आणि पाटी पंखा बंद करायला सांगत होती.

सुरेश हळूच मला म्हणाला, "भाऊ, नाना विसरायला लागले वाटतं. डॉक्टर म्हणालेच होते, असं होईल." हळू म्हणाला, पण खोली लहान. नानांनी हात उचलून मांडीवर ठेवला. नंतर पाटीकडे बघितलंच नाही. अक्का पदराने त्यांचा घाम पुसत होत्या.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

कोपऱ्यात जुना स्क्रीन उभा होता, धूळ बसलेला. धुळीखाली तीन-चार जागी बोटांचे तेलकट डाग दिसत होते, रोज तिथेच दाबून पडलेले. मी तो उचलून नव्याशेजारी लावला. त्या डागांच्या मानाने नव्यावरचे सगळे चौकोन एक ओळ वर सरकलेले होते. जुनी लायब्ररी माप चुकीचं काढायची, म्हणून वर एक पट्टी रिकामी राहायची. नवीने ती चूक सुधारली होती. नानांना नीट दिसत नाही, ते अंदाजाने दाबतात. बोट पाण्याच्याच जागेवर पडत होतं… पाणी तिथून हललं होतं.

लॅपटॉप उघडून ती रिकामी पट्टी मुद्दाम परत घातली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नाना, तुमचं बोट बरोबर होतं. चूक माझी होती."

त्यांनी मांडीवरचा हात उचलला, बोट पाटीजवळ नेलं. मग दाबलं. "पानी दे माले." सूनबाई धावत आत गेल्या. मग, "पंखा लाव." सुरेशने उठून पंखा लावला आणि तो बटणाकडेच तोंड करून उभा राहिला.

मला ते पुरेसं वाटेना. मघाशी सुरेश जे बोलला, त्याला उत्तर द्यायला पाटीवर काहीच नव्हतं. अक्कांना स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, आणि एक वाक्य बोलायला लावलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला, दुसऱ्यांदा नीट आला. सगळ्यात खाली एक नवा चौकोन केला आणि नानांचं बोट धरून दोन-तीनदा तिथे नेलं. "माले बठ्ठं समजस." मला सगळं समजतं.

काल सुरेशला फोन केला. म्हणाला, तो खालचा चौकोन नाना रोज दाबतात. कोणी काही बोललेलं नसतं, तरी दाबतात… कधी कधी खोलीत कोणी नसतानाही आवाज येतो.

संध्याकाळी दिवा लावताना हल्ली मी नानांसाठी आयुष्य मागत नाही. ते दाबतील तेव्हा खोलीत कोणीतरी असू दे, एवढंच मागतो.