बाद न झालेलं गाणं

मेहकरले एका हळदीच्या कार्यक्रमात मी माईक घेऊन नवरदेवाच्या मामाची नक्कल करून राह्यलो होतो, अन् मामा स्वतःच सगळ्यात जास्त हसून राह्यले होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. शकूकाकूचा होता. काकू सहसा फोन करत नाही, तिले मोबाईल म्हणजे गॅसची टाकी वाटते, उघडी राह्यली तं भडका होईन. मी मांडवाच्या मागं, आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन उचलला. "पिंट्या, हे गेले रे," काकू म्हणाली. "आत्ता दुपारी चहा घेतला, गाणं लावलं, खुर्चीतच डोळा लागला… तो लागलाच." माझ्या तोंडातून पहिलं निघालं ते हे, "काकू, जाताना घाबरले, भेले तं नाही ना?" काकू म्हणाली, "नाही रे बापा. हसू होतं तोंडावर." अन् खरं सांगतो, माणूस गेल्याची बातमी ऐकून मले पहिले रडू नाही आलं, हुश्श झालं. कोणी म्हणन, काय पोट्टं हाय हे! पण ते हुश्श काऊन झालं, तेच सांगायले बसलो हाय.

काकूचे 'हे' म्हणजे वसंतकाका. आमच्या लोणारच्या गल्लीतले, माझ्या घरापासून हाक मारली तं ऐकू जाईन एवढ्यावर त्यायचं घर. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून रिटायर झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाले दोन पेन, अन् चालणं असं का काखेत अजून फाईल हाय. पाहणाऱ्याले वाटे, हा माणूस घरी जाऊन जपमाळ ओढत असन. अन् काका घरी जाऊन ट्विस्ट ऐकत! साठच्या दशकातली गाणी. पण तुमच्या मनात आली ती नाही. जी रेडिओवर रोज लागतात, ज्याच्यावर लग्नात बँडवाले गाल फुगवतात, त्या गाण्याइले त्या घरात प्रवेश नव्हता. काकाले लागायची पडलेल्या सिनेमातली गाणी. जो सिनेमा टॉकीजमध्ये सोमवारपर्यंत बी टिकला नाही, ज्याच्या हिरोचं पुढं काय झालं ते त्याच्या आईलेच मालूम, त्याच्यातलं क्लबमधलं गाणं. बोंगो, अकॉर्डियन, गिटारची ती टिंगटिंग, अन् अशी एखादी गाणारी जिनं सगळ्या जन्मात दोनच गाणी गायली. "हिट गाण्याले काय बे, त्याले सांभाळायले अख्खा देश हाय," काका म्हणत. "याले कोण हाय? आपण."

हे 'आपण' म्हणजे काका, डोणगावचे देवबागुरुजी अन् मी. गुरुजी रिटायर मास्तर. रविवारी एसटीनं यायचे, मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तबकडी, अन् कोणाचा धक्का लागला का असे ओरडायचे जसं पोटचं लेकरू दाबलं. काकाच्या समोरच्या खोलीत बैठक. मधल्या दारात काकू लसूण सोलत बसलेली, म्हणजे तोंडावर 'हा काय कल्ला' अन् पायाच्या अंगठ्यानं ठेका. बैठकीचा कायदा एकच. ज्यानं गाणं आणलं त्यानं लावायचं. मुखडा झाला, का अंतऱ्याच्या आधी काका सुई उचलत अन् खोलीभर नजर फिरवत. कोणाले पुढची ओळ आली, का काकाच्या हातातला अडकित्ता पितळी पानडब्यावर टण्ण… "बाद!" ज्याचं गाणं बाद झालं त्यानं सगळ्याइले सुपारी कातरून द्यायची, अन् गाणं तिथंच खलास, पुढं ऐकायचं नाही. कोणालेच ओळ नाही आली तं गाणं पास. मंग पुरं ऐकायचं, डोळे मिटून, कोणी खोकलायचं बी नाही. मी किती सुपाऱ्या कातरल्या ते माझ्या अंगठ्याले विचारा. गुरुजीनं बी कातरल्या. काकानं कधीच नाही.

मी त्या खोलीत घुसलो तो नकलेमुळं. गणपतीत माझा कार्यक्रम होता, त्यात मी जुन्या जमान्याच्या एका रेडिओ निवेदकाचा आवाज काढायचो, भारदस्त, मधात बुडवलेला. लोकं हसले, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर हा पांढऱ्या शर्टाचा माणूस जवळ आला अन् म्हणे, "अबे, आवाज बरा हाय तुझा. पण श्वास खोटा हाय." मी म्हटलं, "श्वास?" "तो निवेदक सिनेमाचं नाव सांगून मंग श्वास घ्यायचा. तू नावाच्या आधी घेतला. नाव सांगितलं का तो थांबे… जसं दार उघडून बाजूले सरकला, या म्हणे, आत या. तू तं दारातच उभा राह्यला बे. माणूस आत येईन कसा?" मी तोवर आमच्या सरपंचापासून हेडमास्तरापर्यंत सगळ्याइची नक्कल केली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा चप्पल बी. पण श्वासासाठी मले कोणी बोललं नव्हतं. रविवारी गेलो, अन् मंग जातच राह्यलो. माझ्या मित्राइले वाटे मी म्हाताऱ्याच्या घरी व्याजाचे पैसे द्यायले जातो.

एक रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. गुरुजी खामगावच्या एका रद्दीवाल्याकडून एक तबकडी घेऊन आले, वरचा कागद बी निघून गेलेला, सिनेमाचं नाव अर्धं. लावली. त्या गाण्यात दर चौथ्या ठोक्यावर सोड्याची बाटली फुटते! गोटी आत गेल्याचा तो फट्ट्, मंग चुर्रर्र, अन् गाणारी हसते. काकानं सुई उचलली अन् नजर फिरवली. कोणालेच नाही मालूम. "पास!" काका असे ओरडले का रस्त्यावरची शेळी दचकली. मंग ते पुरं गाणं लागलं अन् काका उठले. इस्त्रीचा शर्ट, पायजमा, अन् टाचेवर टाच घासत सतरंजीवरच ट्विस्ट. गुरुजी म्हणे, "वसंता, कंबर!" काका म्हणे, "कंबर गेली चुलीत, तू ठेका धर!" मी तोंडानं फट्ट् करून राह्यलो, काकू पदर तोंडाले लावून, "बाप्पा बाप्पा, लोकं काय म्हणतीन…" तळं पाहायले आलेलं पुण्याचं एक जोडपं खिडकीपाशी थांबून पाहून राह्यलं होतं. काका नाचता नाचताच त्यायले म्हणाले, "या, आत या. तळं कुठी पळून नाही चाललं."

असं सगळं मजेत चालू होतं… अन् मंग काकाच्या पाळीचा तो रविवार आला. काकानं तबकडी आपल्या रुमालानं पुसली, छातीशी धरली अन् म्हणाले, "आज असं आणलं का तुमच्या बापानं ऐकलं नसन." सुई ठेवली. मुखडा सुरू झाला अन् गुरुजीनं माझ्याकडं पाह्यलं. ते गाणं, हो, ते. ज्याच्यावर आमच्या इथला वरातीचा घोडा बी पाय उचलते. जे अंगणवाडीतलं पोरगं बी म्हणून दाखवन. मले वाटलं काका आमची गंमत करून राह्यले. मी गालातल्या गालात हसायले लागलो. काकानं अंतऱ्याच्या आधी सुई उचलली अन् नजर फिरवली. डोळ्यात ती सोड्याच्या बाटलीच्या दिवशीचीच चमक. "बोला! पुढची ओळ? हाय कोणाले मालूम?" मी तोंड उघडलंच होतं, तं दारात काकूचा लसूण सोलणारा हात थांबलेला दिसला. तिनं मान हलवली… नाही म्हणून, जराशीच. गुरुजी जन्मभर पोट्ट्याइले खोटं बोलण्यासाठी बेंचवर उभे करणारे. त्यायनं चष्मा काढला, पुसला, अन् म्हणाले, "नाही बा वसंता. मले नाही मालूम."

"तुले बे?"

"नाही जी काका. कधी ऐकलंच नाही."

"म्हटलं नव्हतं!" काका खूश. मंग ते गाणं पुरं लागलं अन् काका डोळे मिटून ऐकत राह्यले, अन् आम्ही दोघं सतरंजीचे धागे मोजत.

काकू फाटकापर्यंत सोडायले आली. म्हणे, डॉक्टरनं सांगितलं हाय, काकाचं विसरणं आता वाढतच जाईन. "विसरण्याचं मले काही नाही रे," काकू म्हणाली. "माझं नाव विसरले तं मी नवं सांगीन, तेवढंच हौसेचं. पण सांज झाली का ह्यायले भेव वाटते. पिशवी घेतात, त्यात टॉवेल भरतात, म्हणतात मले घरी जायचं हाय. घरातच उभे राहून! हात धरला तं झटकतात, अन् असे पाह्यतात माझ्याकडं… डॉक्टर म्हणते हे भेव वाढन. हे असे भेत भेत जातीन का रे पिंट्या?" मी बाहेर निघून फाटकाची कडी लावली, अन् ती पक्की बसली का ते हलवून पाह्यलं.

दोन-चार दिवसांनी दिवेलागणीले मी सहज गेलो तं काका अंगणात, पिशवी काखेत, फाटकाची कडी उघडायच्या खटपटीत. काकू मागं उभी, तिचा हात हवेतच. मी काही ठरवलं नव्हतं. दोन्ही हात तोंडापुढं धरले अन् तो जुना निवेदक काढला, "श्रोतेहो, सांजेच्या या मैफलीत आता ऐकू या…" काकाचा हात कडीवरच थांबला. मान वळली. मी पडलेल्या सिनेमाचं एक नाव घेतलं अन् मंग श्वास घेतला, सावकाश, दार उघडून बाजूले सरकल्यासारखा. काका आत आले. खुर्चीत बसले. पिशवी मांडीवरच होती, पण बसले. काकूनं धावत जाऊन तबकडी लावली.

मंग ते रोजचंच झालं. लग्नसराईत बी मी हळदीवाल्याइले सांगायचो, सांजेचं मले जमणार नाही, माझी रेडिओवर ड्युटी हाय. अन् गंमत पाहा, काकाले आता हरेक गाणं पास! ज्या माणसानं नवं काही ऐकायले मिळावं म्हणून रद्दीवाले पालथे घातले, त्याच्याकडं आता सगळी गाणी आपल्या पायानं चालत येऊन राह्यली होती, तीच ती, घासलेली, हिट गाणी, अन् तो म्हणे, "कोणाचं होय बे हे? कुठी लपून बसली होती ही बाई?" मी काय सांगू का काका, ही बाई लपून नव्हती, तुम्हीच तिले घरात घेत नव्हते! पिशवी मांडीवरून खाली आली, खालून खुंटीवर गेली. पण मले आतून कुरतडे. लग्नात मी नक्कल करतो तं लोकाइले मालूम असते का हा पिंट्या हाय. इथं काकाले मालूम होतं का? का मी एका भेलेल्या माणसाले रोज फसवून राह्यलो होतो?

एका सांजेले एसटी उशिरा आली, स्टँडवरून पळत पळतच गेलो. दम लागलेला. तसाच उभा राह्यलो अन् निवेदन सुरू केलं, अन् धापेच्या भरात नावाच्या आधीच श्वास घेतला. काका खुर्चीत, डोळे मिटलेले. डोळे न उघडता म्हणाले, "अबे पिंट्या… श्वास."

माझे तोंडापुढं धरलेले हात खाली आले.

"नावानंतर घे बे. दमानं. मी कुठी पळून नाही चाललो."

काकूनं पदर तोंडाले लावला, हसत होती का रडत होती तिलेच मालूम. म्हणजे काकाले मी मालूम होतो. रोज का फक्त त्याच सांजेले, ते मी कधी विचारलं नाही, अन् नाही विचारलं तेच बरं केलं. मी पुन्हा पहिल्यापासून निवेदन केलं. नाव… मंग श्वास. काकानं मान डोलावली, जशी कचेरीत फाईलवर सही होते. पुढचे जेवढे दिवस काका होते, पिशवी खुंटीवरून निघाली नाही. अन् एका दुपारी गाणं चालू असताना गेले. म्हून मले हुश्श झालं. भेत भेत जाणार होता तो माणूस, अन् ऐकत ऐकत गेला.

तेरवीनंतरच्या रविवारी गुरुजी आले. फडक्यात तबकडी नव्हती. म्हणे, "आणायची हिंमत नाही झाली." काकूनं सतरंजी घातली, चहा ठेवला, अन् दारात न बसता आत येऊन पानडब्यापाशी बसली. अडकित्ता तिनं हातात घेतला. अन् कपाटाकडं पाह्यलं. तबकड्याइच्या थप्पीत वरच तेच ते गाणं होतं, वरातीच्या घोड्याचं. मी लावलं. मुखडा झाला. अंतऱ्याच्या आधी मीच सुई उचलली. मी काकूकडं पाह्यलं, गुरुजीकडं पाह्यलं. पुढची ओळ तिघाइच्या बी ओठापाशी येऊन उभी होती.

"नाही बा," गुरुजी म्हणाले. "मले नाही मालूम."

"मले बी नाही," मी म्हटलं.

काकूनं अडकित्ता पानडब्यावर ठेवला, आवाज होऊ न देता. "कोणाचं होय रे हे?" ती म्हणाली. "लाव ना पुढं… ऐकू दे."

मी श्वास घेतला, दमानं, अन् सुई ठेवली.